कम्युनिटी कॉलेजात चित्रीकरण शिकताना : सोलापुरातील अनुभव

फिल्म, व्हिडिओ आणि फोटोग्राफीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेऊ पाहणारी मुले पहिल्यांदा विचारतात की कॅमेरा कोणता घ्यावा. माझ्या मते तो प्रश्न वर्षभर बाजूला ठेवावा आणि प्रत्यक्ष कामाला अभ्यासक्रमात किती जागा आहे, हे आधी पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कम्युनिटी कॉलेज (कौशल्याधारित अभ्यासक्रम) योजनेत साधारण ६० टक्के श्रेयांक (क्रेडिट) कौशल्यासाठी आणि उरलेले सामान्य शिक्षणासाठी ठेवलेले असतात. भाषा आणि संवादाचे ते तास कंटाळवाणे वाटले तरी बुडवू नयेत, कारण पुढे पटकथा आणि मुलाखतीचे प्रश्न लिहिताना तेच उपयोगी पडतात.

मला या शिक्षणाचे मोल खऱ्या अर्थाने कळले ते यंत्रमागाच्या शेडमध्ये. आपल्याकडे विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ असल्यामुळे जुन्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण शटर, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड येऊ देणारी झडप, १/६० सेकंदावर असले तर व्हिडिओत उजेड थरथरतो किंवा पट्टे सरकताना दिसतात. सेकंदाला २५ फ्रेम (चित्रे) घेणाऱ्या चित्रणात शटर १/५० ठेवले की ते जातात. मात्र त्या वेगाला धावता धोटा (आडवा धागा नेणारा मागाचा भाग) नुसती पुसट रेघ होतो. फोटोत तो स्पष्ट हवा असेल तर १/१००० च्या आसपास जावे लागते, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) वाढवावा लागतो, आणि ट्यूबलाइटच्या त्याच चढउतारामुळे एक फोटो उजळ तर पुढचा काळपट येतो, म्हणून एकाच दृश्याचे अनेक फोटो घेऊन ठेवणे हाच उपाय. कामगाराची मुलाखत चालू मागांशेजारी कधीही घेऊ नये. पाळी बदलताना माग थांबले की त्याच्याशी बोलावे, मागांचा खडखडाट स्वतंत्र रेकॉर्ड करावा आणि संकलनात तो बोलण्याखाली हवा तेवढाच लावावा. शेडमालकाने होकार दिला म्हणजे कामगाराचीही परवानगी मिळाली असे समजू नये. त्याला वेगळे विचारावे, एवढा माणुसकीचा संकेत मी अभ्यासक्रमाचाच भाग मानतो.

जानेवारीतील सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा ही एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, शिकण्याची उत्तम जागा आहे. नंदीध्वज (यात्रेतील मानाच्या उंच काठ्या) वाहणाऱ्या मानकऱ्यांच्या पांढऱ्या बाराबंदीने (बंदांच्या पारंपरिक अंगरख्याने) चौकट भरली की कॅमेऱ्याचे उजेड मोजणारे मीटर पांढऱ्याला करडे समजून फोटो काळवंडून टाकते. अशा वेळी एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, वाढवून हिस्टोग्रामवर (फोटोतील उजळ-काळ्या भागांच्या आलेखावर) नजर ठेवावी.

कॉलेजातील साहित्य पाळीपाळीने मिळते. तुमची पाळी नसेल तेव्हा मित्राच्या चित्रणात माइक किंवा रिफ्लेक्टर (उजेड परतवणारा फलक) धरायला उभे राहा, कारण आवाज नीट सांभाळणाऱ्याला लग्नाच्या आणि कारखान्यांच्या माहितीपटांच्या कामांत मागणी असते. प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन मागील विद्यार्थ्यांनी पूर्ण केलेल्या फिल्म दाखवायला सांगा, आणि संकलनाचे संगणक तासांनंतर वापरायला मिळतात का, तेही विचारून घ्या.