घरी जनरेटर बसवताय? आधी या चुका टाळा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडच्या कित्येक गावांत लाईट यायला आठवडेच्या आठवडे लागले. कोकणात घरामागे जनरेटर ठेवावासा वाटतो तो अशा अनुभवांमुळेच. मशीन लोक चौकशी करून चांगलंच घेतात. घोळ होतो तो जोडणीत.

सगळ्यात घातक चूक म्हणजे दोन्ही टोकांना थ्री-पिन लावलेली वायर. एक टोक जनरेटरला, दुसरं घरातल्या कुठल्याही सॉकेटला, की झाला उजेड. ‘मेन स्विच बंद ठेवा, काही होत नाही’ असं सांगणारे वायरमनही भेटतात. त्यांचं अजिबात ऐकू नका. अंधारात, पावसात, घाईत एखाद्या दिवशी मेन बंद करायचा राहतोच. मग तुमच्या घरातली २३० व्होल्टची वीज मीटरमधून उलटी गावच्या डीपीकडे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडे, निघते. ट्रान्सफॉर्मर उलट दिशेनेही काम करतो, त्यामुळे पलीकडच्या तारांवर तीच वीज ११ हजार व्होल्टपर्यंत चढू शकते. आणि त्याच वेळी महावितरणचा लाईनमन, लाईन बंद आहे असं धरून, खांबावर चढलेला असतो. तो तुमच्याचसाठी चढलेला असतो. शिवाय ती वायर सॉकेटमधून निसटली, तर उघड्या पिनांमध्ये जिवंत करंट आणि आसपास घरातली मुलं.

यावर उपाय एकच, चेंजओव्हर स्विच. एका बाजूला महावितरण, मध्ये बंद, दुसऱ्या बाजूला जनरेटर. दोन्ही एकदम चालू होऊच शकत नाहीत, अशी त्याची रचना असते. आपोआप चालू होणारा जनरेटर असेल तर हेच काम त्याचं एएमएफ पॅनेल (लाईट गेल्याचं ओळखून जनरेटर चालू करणारी पेटी) करतं. स्विच बसवताना झाकण लावायच्या आधी स्वतः आत बघा. सिंगल फेजला फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) दोन्ही बदलले पाहिजेत, थ्री फेजला चार पोल हवेत, तीन फेजचे आणि एक न्यूट्रलचा. पैसे वाचवायला नुसता फेज फिरवतात आणि न्यूट्रल कायमचा जोडलेला ठेवतात. तसं चालवून घेऊ नका.

न्यूट्रलचीच आणखी एक गोष्ट. बऱ्याच छोट्या जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो. अशा वेळी जनरेटरवर घर चालू असताना कुणाला शॉक बसला, तर आरसीसीबी (शॉक बसताच वीज तोडणारा स्विच) ट्रिप होईलच याची खात्री नाही. टेस्टचं बटण दाबल्यावर तो पडतो म्हणून निर्धास्त राहू नका. ते बटण फेज आणि न्यूट्रलमधूनच करंट फिरवतं, अर्थिंगचा त्यात काही संबंध नसतो. जनरेटरची अर्थिंग आणि न्यूट्रल, दोन्ही कंपनीची पुस्तिका बघून परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

क्षमतेचा हिशेब बल्ब-पंखे मोजून करू नका, बोअरच्या मोटरवरून करा. ५ केव्हीएचा जनरेटर ०.८ पॉवर फॅक्टरने (केव्हीएपैकी प्रत्यक्ष कामाला येणारा हिस्सा) ४ किलोवॅट देतो, म्हणजे साधारण २१-२२ अँपिअर. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. तेव्हा दिवे मंदावले, इंजिन गुरगुरलं, एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडला, की समजा मोटर झेपत नाही. आधी मोटर, मग फ्रिज, बाकीचं नंतर, हा क्रम ठेवा. उगाच अवाढव्य डिझेल जनरेटर घेण्यातही फायदा नाही. कायम ३० टक्क्यांहून कमी लोडवर चालला की डिझेल पुरतं जळत नाही आणि सायलेन्सरमधून काळं तेलकट पाणी गळू लागतं.

पाऊस आला म्हणून चालू जनरेटर पडवीत ओढू नका, जिन्याखाली तर मुळीच नको. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपेतला माणूस उठतच नाही. खिडक्यांपासून निदान २० फूट लांब, उंच जोत्यावर, बाजू मोकळ्या असलेली पत्र्याची शेड बांधा.

आता नेहमीच्या तक्रारी. सुरू होऊन लगेच बंद पडला, तर आधी ऑइल बघा. कमी झालं की सेन्सर इंजिन थांबवतो. महिनोन् महिने पडून राहिलेला पेट्रोल जनरेटर सुरूच होत नसेल, तर जुनं पेट्रोल काढून कार्ब्युरेटर साफ करून घ्या. सेल्फ मारल्यावर नुसता ‘कट’ आवाज येत असेल, तर बहुतेक बॅटरी उतरली आहे. महिन्यातून एकदा अर्धा तास, तोही लोड टाकून, चालवला तर यातलं बरंचसं टळतं. इंजिन छान चालतंय पण वीज नाही, तर जनरेटरवरचा एमसीबी बघा; तो ठीक असेल तर एव्हीआरची (जनरेटरचं व्होल्टेज सांभाळणाऱ्या भागाची) शंका घ्या आणि मेकॅनिकला बोलवा.

आणि जनरेटर चालू असूनही इन्व्हर्टर चार्ज होत नसेल, तर त्याचा स्विच यूपीएसवरून इकोवर टाका. यूपीएस मोडला व्होल्टेजचा चढउतार फारसा चालत नाही. इकोवर मात्र तोच चढउतार घरात पोचतो, म्हणून तेवढा वेळ कॉम्प्युटर बंद ठेवा.