मुलावर हात उचलला गेला, त्या रात्री स्वतःशी कसं बोलावं

एप्रिलअखेरीस आमच्या माजघरात आढी घातलेली असते. भाताचा पेंढा, त्यावर हापूस, वर पुन्हा पेंढा. गेल्या हंगामात माझा सात वर्षांचा मुलगा चेंडूमागे धावत थेट आढीत घुसला आणि पाच-सहा पिकले आंबे पायाखाली आले. दुसऱ्या सकाळी गिऱ्हाईक यायचं होतं. मी त्याला चापट मारली. तो रडलासुद्धा नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. रात्री तो झोपल्यावर मी तासभर त्याच्या गालावरून हात फिरवत रडत बसले.

अशा रात्री काय करावं, ते मला हळूहळू जमत गेलं. तेच सांगते.

आधी छाती हलकी करा. ही टोचणी डोक्याच्या आधी गळ्यात आणि छातीत बसते. पडवीत जाऊन बसा, तळहात छातीवर ठेवा आणि श्वास घेतला त्यापेक्षा सावकाश सोडा. दहा वेळा. डोकं ठिकाणावर यायला एवढं पुरतं.

मग घडलं ते एका वाक्यात लिहा. हिशेबाच्या वहीचं मागचं पान चालेल. मी आधी लिहिलं, ‘मी वाईट आई आहे.’ ते खोडलं, कारण तो निकाल झाला, घटना नव्हे. खाली लिहिलं, ‘आज संध्याकाळी मी बाबूला मारलं.’ मारलं, तर त्याची माफी मागता येते. ‘मी वाईटच’ म्हटलं की करण्यासारखं काही उरत नाही, आणि उद्या तीच चिडचिड पुन्हा पोरावर निघते.

त्याच पानावर उभी रेघ मारा. एका बाजूला आपल्या हातातलं, दुसऱ्या बाजूला हाताबाहेरचं. नवरा मुंबईला नोकरीला, हंगाम थोड्या दिवसांचा, हे माझ्या हातात नाही. हात न उचलणं आहे. दापोलीजवळच्या हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव होतो, नेमकी पोरं शाळेतून घरी येतात त्या सुमाराला. तिथे मासळीची टोपली घेऊन उभ्या असलेल्या बाईने ‘मी घरी नव्हते’ याचा सल धरू नये, असं मला मनापासून वाटतं. तिच्या कष्टावर तिचं घर उभं आहे.

आता खरं अवघड काम. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ साली स्वतःवरच्या मायेची मांडणी केली. तिचे तीन भाग: स्वतःशी मायेने वागणं, चुका सगळ्यांच्याच हातून होतात हे ओळखणं, आणि दुःख न दडपता, न फुगवता आहे तसं बघणं. करायचं कसं? हेच जावेच्या हातून घडलं असतं तर तिला काय सांगितलं असतं, ते आठवा. मी म्हटलं असतं, ‘अगो, पहाटेपासून उभी आहेस, दमलीस. मारायला नको होतंस. उद्या त्याला जवळ घे.’ यात चूक कुठेही झाकलेली नाही. हेच स्वतःचं नाव घेऊन हळू आवाजात म्हणा. सुरुवातीला फार अवघडल्यासारखं होतं. मला तिसऱ्या रात्री जमलं. हे स्वतःचे लाड झाले, असं घरातल्या मोठ्यांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. स्वतःला झोडपत होते तोवर मी लेकाची माफी मागायला गेलेच नव्हते.

माफी मागताना ‘पण’ घालू नका. ‘मारलं, पण तू आढीत गेलास ना?’ ही माफी नव्हे. त्याच्या उंचीला खाली बसून सांगा, ‘बाबू, मी तुला मारलं. माझं चुकलं.’ मग गप्प बसा. माझा म्हणाला, ‘आये, आंबे किती फुटले?’ इतके दिवस तो तेच मनात घेऊन हिंडत होता. घरात चेंडू खेळायचा नाही, हे मी नंतर वेगळं सांगितलं.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकापासून आया आणि तान्ह्या बाळांचं वागणं न्याहाळलं. चांगल्या नात्यातही दोघांचा सूर बराच वेळ जुळलेला नसतो. तो तुटतो आणि पुन्हा जुळवला जातो, असं त्यांना दिसलं. मला हे वाचून फार धीर आला.

भरपाई वस्तूंनी करू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, बोटीवरचा बाप घरी असतो, आणि वर्षभराची उणीव पोराच्या हातात मोबाइल देऊन भरू बघतो. जाळं दुरुस्त करताना त्याला शेजारी बसवा, तेवढं खूप आहे.

एवढं करूनही आठवडेच्या आठवडे झोप-जेवण उडालं असेल, किंवा हात पुन्हापुन्हा उचलला जात असेल, तर एकट्याने झुंजू नका. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा आहे, १४४१६ वर दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. बाळ तान्हं असेल आणि आईच्या मनात स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.