रेपसीडचं उत्पादन आणि तेल: सहसंबंध काढताना या चुका टाळा

रेपसीड हे मोहरीच्या कुळातलं तेलबी; ते गोव्याचं पीक नाही, पण फोंड्यातल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत विद्यार्थी त्याचं बी तपासायला आणतात. बी दर वर्षी नवं, चुका त्याच.

सगळ्यात महाग पडणारी चूक ओलाव्याची. एक मुलगी तक्ता घेऊन आली. उत्पादन आणि तेलाचं प्रमाण यांचा सहसंबंध ठळक ऋण, म्हणजे एक वाढलं की दुसरं घटतं; शेजारी दोन तारे, म्हणजे हा निव्वळ योगायोग नसावा अशी संख्याशास्त्रातली खूण. ‘जादा उत्पादन देणाऱ्या वाणांत तेल कमी’ हे वाक्य प्रबंधात लिहूनही झालं होतं. मी विचारलं, नमुने कुठल्या क्रमाने तपासलेस? म्हणाली, "सर, लहान पिशव्या आधी उरकल्या." लहान पिशव्या म्हणजे कमी उत्पादनाचे वाण. उत्तरेतून वाळून आलेलं ते बी मेच्या सुरुवातीलाच तपासून झालं. मोठ्या कागदी पिशव्या जुलैपर्यंत कपाटावर. आपल्याकडे जुलैत डब्यातले पापड सादळतात, तिथे हे बी कोरडं कसं राहील?

हिशेब करून बघा. कोरड्या वजनावर ४२ टक्के तेल असलेलं बी ६ टक्के ओलाव्याला ३९.५ दाखवतं, ११ टक्क्यांना ३७.४. वाण तोच, तेल तेवढंच. आम्ही चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवला, सगळं पुन्हा तपासलं, प्रत्येक नमुन्याचा ओलावा त्याच दिवशी काढला: ओव्हनमध्ये १०३ अंशांवर १७ तास. आकडे कोरड्या वजनावर आणले आणि दोन्ही तारे गेले. तिचा महिना वाया गेला याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून आलेलं बी त्याच दिवशी घट्ट झाकणाच्या बरणीत, सिलिका जेलसकट. १७ तास थांबायचा कंटाळा असेल त्याने तेलाच्या टक्केवारीला हात लावू नये.

दुसरी चूक, सगळे वाण एका ढिगात घालणं. जुन्या वाणांच्या तेलात इरुसिक आम्ल हे मेदाम्ल ४० टक्क्यांच्या आसपास, कॅनोला प्रकारात, म्हणजे हे आम्ल मुद्दाम कमी केलेल्या वाणांत, २ टक्क्यांच्या आत. दोन्ही एकत्र केले की आलेखावर दोन घोळके दिसतात आणि संगणक त्यांना जोडणारी रेघ ओढतो. तो दोन गटांमधला फरक असतो, गुणधर्मांचं नातं नव्हे. मी आधी हाताने ठिपके काढायला लावतो, गटागणिक वेगळ्या रंगाने. मुलं कुरकुरतात, पण काढतात.

हेक्टरी तेलाचा बियांच्या उत्पादनाशी सहसंबंध देऊच नका; ते त्याच उत्पादनाला तेलाच्या टक्केवारीने गुणूनच काढलेलं असतं.

तेल वाढलं की प्रथिनं घटतात, हे या पिकात नेहमीचं. नत्र जास्त दिलं तरी तेल उतरतं. म्हणून खताची मात्रा वेगळी असलेले प्लॉट एकत्र करू नका.

आणि एकेका दाण्यावरून निवड इरुसिक आम्लासाठी चालते, कारण ते दाण्यातल्या गर्भाच्या जनुकांवर ठरतं. ग्लुकोसिनोलेट, म्हणजे मोहरीला तिखटपणा देणारं गंधकयुक्त द्रव्य, ठरतं मातृझाडावर. त्यासाठी झाडभर बी एकत्र करून तपासा.