महिन्याचं वाचकपत्र लिहिताना या चुका टाळा

मी वाचकांना पाठवलेल्या डिसेंबर २०२४ च्या पत्राला आलेलं सगळ्यात छोटं उत्तर एका ओळीचं होतं: "तुमचं ऑक्टोबरचं पत्र पुन्हा वाचा." पाठवणारे बार्शीचे एक निवृत्त शिक्षक. मी वाचलं. ऑक्टोबरात मी लिहून बसलो होतो की लोकसभेला महाविकास आघाडीने राज्यातल्या ४८ पैकी ३० जागा घेतल्या, तो वारा अजून पडलेला नाही, विधानसभा फार तर अटीतटीची होईल. २३ नोव्हेंबरला निकाल लागला. महायुतीत भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. समोर ठाकरे २०, काँग्रेस १६, शरद पवार १०. आणि डिसेंबरच्या पत्रात माझं वाक्य काय होतं? "हा निकाल अनेकांना अनपेक्षित वाटला." त्या अनेकांत मी पहिला होतो, हे पत्रात कुठेच नव्हतं.

कुठल्याही दैनिकाच्या किंवा वाहिनीच्या आधाराशिवाय राजकारणावर एकट्याने लिहिणारे आता मराठीत बरेच आहेत. आठवड्याचे लेख आम्ही जिवावर उदार होऊन लिहितो, आणि महिनाअखेरीचं वाचकांना पाठवायचं पत्र रात्री अकरा वाजता उरकतो. या महिन्यात काय लिहिलं, पुढे काय येणार, वर्गणी भरा, धन्यवाद. माझ्या मते उलटं हवं. लेख आवडला नाही तर वाचक तो सोडून देतो. पत्र मात्र त्याच्याशी केलेला हिशेब असतो, आणि हिशेबात लबाडी दिसली की माणूस दुकान बदलतो. खालच्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत.

फसलेला अंदाज "अनेकांच्या" गळ्यात घालणं

ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात सोयीची चूक. तिची भाषा ठरलेली असते: "विश्लेषकांना धक्का", "सर्वांचे आडाखे चुकले". उपाय सोपा आहे, पण जिवावर येतो. स्वतःचं जुनं वाक्य जसंच्या तसं, तारखेसह, अवतरणात टाकायचं. सारांश करायचा नाही, कारण सारांश करताना आपण नकळत दोन "कदाचित" घुसवतो.

मग का चुकलं ते सांगायचं, आणि ते असं की वाचकाला पुढच्या वेळी उपयोगी पडेल. माझं कारण असं होतं: मी जागा मोजल्या, मतं मोजली नाहीत. लोकसभेला महायुती १७ वर थांबली खरी, पण दोन्ही आघाड्यांच्या मतांत एका टक्क्याचाही फरक नव्हता. जिथे एवढंसं अंतर असतं तिथे वारा वगैरे काही नसतो. दुसरं कारण अधिक लाजिरवाणं. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना आली तेव्हा मी ती "आणखी एक निवडणूकपूर्व घोषणा" म्हणून दोन ओळींत निकाली काढली. ऑगस्टपासून महिन्याला १,५०० रुपये बायकांच्या खात्यात पडायला लागले, आणि मी तेव्हाही जागावाटपाच्या बैठकांवरच लिहीत होतो. माझ्याच गल्लीत बँकेबाहेर बायकांची रांग होती. आधार जोडणीसाठी. रोज तिच्यावरून जात होतो.

याचं दुसरं टोकही टाळा. एकदा कबुली दिली की काहींना तिची चटक लागते. तीन-तीन महिने स्वतःला कोरडे ओढत राहतात, आणि तोही शेवटी स्वतःबद्दल बोलण्याचाच प्रकार. एक परिच्छेद पुरे. खरा ठरलेला अंदाज मिरवायला तर तेवढाही नको.

गुपचूप दुरुस्ती

लोकसभा निकालानंतर मी लिहिलं, "मुंबई उत्तर मध्यमध्ये फक्त ४८ मतांनी निकाल." मतदारसंघ होता मुंबई उत्तर पश्चिम. तिथे रवींद्र वायकर यांनी अमोल कीर्तिकर यांना ४८ मतांनी हरवलं. राज्याच्या जागा ४८, फरकही ४८. आकडा डोक्यात इतका घट्ट बसला की दिशेकडे बघितलंच नाही. चूक लक्षात आल्यावर संकेतस्थळावरचा मजकूर बदलला आणि सुटलो असं मानलं. पण इनबॉक्समध्ये गेलेलं पत्र परत बोलावता येत नाही. "उत्तर मध्य" वाचकांकडे तसंच राहिलं, आणि दोघांनी ते पुढे पाठवलंसुद्धा.

म्हणून दुरुस्ती पुढच्या पत्रात, आणि वरच्या बाजूला. आधी काय लिहिलं होतं, खरं काय आहे, दोन्ही. जुन्या बिलांवर खाली "चू.भू.द्या.घ्या." छापलेलं असायचं. आपण त्यातलं "घ्या" पाळतो, "द्या" विसरतो. आपल्या बाजूने झुकलेली चूकही तितक्याच ठळकपणे सांगितली पाहिजे.

याच खात्यात पक्षांची नावं येतात. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ ला शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिला. त्यामुळे २०१९ ची शिवसेना आणि २०२४ ची शिवसेना एका वाक्यात आली की कोणाबद्दल चाललंय ते जर्सी सिटीतल्या वाचकाला कळत नाही, आणि खरं सांगायचं तर जालन्यातल्यालाही कळत नाही. एक पद्धत ठरवा, पत्रात एकदा सांगा, पाळा.

वेळ लावून झोपणं

पत्र आधीच लिहून महिनाअखेरीची वेळ लावून ठेवायची सोय चांगली आहे. निवडणुकीच्या महिन्यात मात्र तिच्यावर विसंबू नका. २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रातलं मतदान पाच टप्प्यांत २० मे ला संपलं. इथल्या लिहिणाऱ्याला वाटतं, झालं, आता मतदान केंद्राबाहेर लोक काय म्हणाले ते सांगायला हरकत नाही. पण देशात सात टप्पे होते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६अ खाली मतदानोत्तर चाचण्यांवरची बंदी १९ एप्रिलच्या सकाळपासून १ जूनच्या संध्याकाळी साडेसहापर्यंत होती, साऱ्या देशासाठी. म्हणजे ३१ मे ला "तीनशे मतदारांशी बोलून काढलेला कल" पाठवणारा बंदीतच सापडला असता. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आपलं पत्र दोन-चारशे लोकांना जातं म्हणून कायदा वेगळा होत नाही. अशा महिन्यात अधिसूचनेतल्या तारखा आधी कॅलेंडरवर टाका, पत्राची तारीख मग ठरवा.

पैशांबद्दल कुजबुजणं

मराठी माणूस पैसे मागताना एक तर इतका लाजतो की वाचकाला कळतच नाही, नाही तर इतका गहिवरतो की वर्गणी भरणं म्हणजे लोकशाही वाचवणं होऊन बसतं. दोन्ही नको. पैसे कुठे जातात ते सांगा. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये लागतात, त्यापुढे कागदांच्या प्रतींना पानाला २ रुपये; एका रस्त्याच्या निविदेची फाइल मागवली की पानं मोजताना घाम फुटतो. मग मंत्रालयात दोन हेलपाटे. हा खर्च वाचकाला दिसला की वर्गणी कशाची ते वेगळं समजवावं लागत नाही.

"मागच्या महिन्यात इतक्या जणांनी वर्गणी बंद का केली?" याचं उत्तर बहुतेक वेळा आपल्या मतांत नसतं, बँकेच्या संदेशात असतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे ऑक्टोबर २०२१ पासून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची सूचना ग्राहकाला किमान २४ तास आधी जाते. त्या सूचनेत तुमचं नाव असेलच असं नाही. पैसे गोळा करणाऱ्या कंपनीचं किंवा तुमच्या जुन्या फर्मचं अनोळखी नाव असतं. फसवणुकीच्या बातम्या वाचून सावध झालेला वाचक ते बघतो आणि रद्द करतो. शहाणपणाच करतो. तेव्हा पैसे कापले जाण्याच्या तारखेआधी दोन-तीन दिवस पत्र जाऊ द्या, आणि सूचनेत कोणतं नाव दिसेल ते त्यात सरळ लिहा.

आता "देणगी" हा शब्द. तो गोड आहे आणि त्रासदायकही. एक तर वाचक लगेच आयकरातल्या सवलतीसाठी ८०जी ची पावती मागतात, जी मान्यताप्राप्त संस्था देऊ शकते, एकटा लेखक नाही. दुसरं, परदेशातले वाचक. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला सातारचा मुलगा ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) बाळगून असला तरी त्याने दिलेली देणगी २०१० च्या परकीय योगदान कायद्याच्या दृष्टीने परकीय ठरते. दुबईत नोकरी करणाऱ्या, भारतीय पासपोर्टवाल्या त्याच्याच मावसभावाने स्वतःच्या बचतीतून दिलेली ठरत नाही. या कायद्याचं कलम ३ नोंदणीकृत वृत्तपत्राच्या संपादकाला, स्तंभलेखकाला, व्यंगचित्रकारालासुद्धा परकीय योगदान घ्यायला मनाई करतं. आमच्यातले कितीतरी जण पत्रासोबत एखाद्या दैनिकात सदरही चालवतात, त्यांनी हे कलम वाचलेलं बरं. नेहमीच्या व्यवहारात सेवेच्या बदल्यात घेतलेलं शुल्क योगदान धरलं जात नाही. म्हणून "सर्वांनी मदत पाठवा" असं सरसकट आवाहन करण्याआधी सीएकडे तासभर बसा. पत्रात पडलेला एक शब्द नंतर पुसता येत नाही.

पत्र अर्धवट पोचणं

तक्रार येते की पत्र मध्येच तुटलं, खाली वर्गणीचं बटणच नव्हतं. जीमेल साधारण १०२ केबीच्या पुढचा संदेश कापून दाखवतं. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, इंग्रजी अक्षर एक. तेवढ्याच लांबीचं मराठी पत्र त्यामुळे कितीतरी आधी कापलं जातं. त्यात वर्डमधून मजकूर उचलून चिकटवला की सोबत नको तो कचराही येतो. पत्र आखूड ठेवा, महत्त्वाचं वर घ्या. आणि "इतक्या जणांनी उघडलं" या आकड्यावर फुगू नका. २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप वाचकाने न वाचलेलं पत्रही उघडल्यासारखं दाखवू शकतं.

वाचकाला उघडं पाडणं

पत्राखाली वाचकांची उत्तरं छापायची हौस सगळ्यांनाच असते. एकदा मी एका तालुक्याचं नाव देऊन "तिथल्या ग्रामसेवकांनी कळवलं" असं लिहिलं आणि घरकुल योजनेबद्दलचं त्यांचं मत टाकलं. नाव अर्थातच दिलं नव्हतं. पण तालुक्यात घरकुलांवर तक्रार करणारे ग्रामसेवक असतात किती? त्यांच्या सेवेच्या वर्तणूक नियमांत सरकारी धोरणावर जाहीर टीका करायला बंदी आहे, हे त्यांना ठाऊक होतं. मला ठाऊक असायला हवं होतं. त्यांचा फोन आला तेव्हा ते रागावले नव्हते, घाबरले होते. ते जास्त वाईट.

आता मी पद, गाव आणि विषय यांतलं एकच देतो, आणि छापण्याआधी विचारतो. वरच्या बार्शीच्या शिक्षकांनाही विचारलं. "खुशाल लिहा," म्हणाले, "फक्त गाव बदला." बदललंय.