नवी बोट फुल थ्रॉटलवर बंद पडायची: माझा अनुभव

गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात नवी फायबर बोट उतरवली. इंजिन हळू चालवलं तर ठीक. फुल थ्रॉटल दिला की दहा मिनिटांत आचके देऊन बंद. प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केला, पेट्रोलही नवं भरलं. दोन इतवार वल्हं मारतच काठाला आलो.

मग पेट्रोलच्या नळीतला, हाताने दाबून इंजिनात पेट्रोल चढवायचा रबरी फुगा पाहिला, तर चोखलेल्या आंब्यासारखा चपटा! टाकीचं झाकण सैल करताच फुस्स करून हवा आत गेली. झाकणावरचा हवेचा स्क्रू पहिल्यापासून बंदच होता; टाकीत हवा जात नव्हती, म्हणून इंजिनाला पुरेसं पेट्रोल ओढता येत नव्हतं.

आता क्रम असा: स्क्रू पूर्ण उघडायचा, फुग्यावरचा बाण इंजिनाकडे करून फुगा उभा धरायचा, कडक होईस्तोवर दाबायचा, मगच चोक ओढून दोरी. घरी नेताना स्क्रू परत बंद, नाहीतर गाडीभर पेट्रोलचा वास. काल पवनीकडे अर्धा तास फुल चालवली.