एकटीनं रानात जायचं, त्याच्या आदल्या रात्री

पिशवी भरण्याआधी एक चिठ्ठी लिहा. कुठल्या गावातून चढणार, कुठवर जाणार, कुठल्या वाटेनं उतरणार, गाडी कुठं लावणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोधायला निघायचं. शेवटची ओळ लिहिताना हात अडखळतो, घरच्यांच्या जिवाला उगाच घोर लागेल असं वाटतं. तरी लिहाच. माझ्या यादीत ती पाण्याच्याही वर आहे. एका नोव्हेंबरात मी घरी फक्त ‘कन्नडकडं जातेय’ एवढंच सांगून निघाले होते. पाणवठ्यावर रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप उतरला, मी बघत बसले, आणि उतरेपर्यंत अंधार पडला. भाऊ तोवर तीन गावं विचारत फिरला होता. बॅटरीच्या उजेडात दिसलेला त्याचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

मग ठिकाण. कन्नडजवळचं गौताळा औट्रमघाट हे १९८६ पासून अभयारण्य आहे. तिकडं धाराशिवला येडशी रामलिंग घाट, बीडला नायगावचं मयूर अभयारण्य. अभयारण्यात परवानगीशिवाय पायी शिरू नका. नाक्यावर नोंद करा आणि वनरक्षकाशी पाच मिनिटं बोला. या आठवड्यात अस्वल कुठं दिसलं, बिबट्याचे ठसे कुठल्या नाल्यात आहेत, कुठल्या टाक्यात पाणी उरलंय, हे त्याला ठाऊक असतं. २०२१ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरातून एक वाघ शेकडो किलोमीटर चालत गौताळ्यात आला होता. त्यामुळं एकटीनं जाऊ नका असं त्यानं सांगितलं तर वाद घालू नका. गावातला कुणी सोबत घ्या, नाहीतर त्या दिवशी अभयारण्याबाहेरचं माळरान निवडा. शांतता तिथंही भरपूर आहे.

डोंगराची ठेवण घरी बसूनच समजून घ्या. सातमाळा-अजिंठ्याची रांग दक्षिणेला, आपल्या मराठवाड्याच्या बाजूला, हळूहळू उतरत जाते आणि तिचं पाणी गोदावरीला मिळतं. उत्तरेला, खानदेशाकडं, तीच रांग एकदम तुटते. तिथलं पाणी तापीचं. म्हणून ‘वाट चुकलात तर ओढ्याच्या कडेनं खाली जा’ हा सल्ला इथं घात करू शकतो. उत्तरेचा ओढा तुम्हाला धबधब्याच्या माथ्यावर नेऊन सोडेल. वाट हरवली असं वाटलं की थांबायचं, पाणी प्यायचं आणि शेवटच्या ओळखीच्या खुणेपर्यंत मागं यायचं. नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवा, कारण दरीत रेंज जाते. फोन विमान मोडवर ठेवला तर बॅटरी संध्याकाळपर्यंत पुरते.

पाणी थंडीत तीन लिटर, फेब्रुवारी संपला की पाच. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा नऊ वाजता सावलीत बसलेलं असावं. त्या दोन महिन्यांत मी एकटी जातच नाही. एका लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घातलेली एक बाटली वेगळी ठेवा. शिदोरीला धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ.

अंगावर पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, पायात घोट्याच्या वर येणारे बूट. पावसाळा सरला की गवत वाळतं आणि कुसळं मोज्यातून आत शिरतात, सराटे पातळ तळव्यातून वर येतात. डोक्याला मोठी दस्ती बांधा. हातात काठी हवीच. वाट दिसत नसेल तिथं पाय टाकण्याआधी ती आपटायची. घोणस गवतात पडून राहते, सहसा आपणहून बाजूला होत नाही. चावलीच तर कापायचं नाही, घट्ट बांधायचं नाही, चोखायचं नाही. अवयव हलू न देता १०८ ला फोन करून सरकारी दवाखाना गाठायचा. तुमच्या वाटेला सगळ्यात जवळचा दवाखाना कुठला, तेही चिठ्ठीत लिहा.

जनावरांपेक्षा मला मात्र रानाच्या कडेची शेतं जास्त सांभाळावी लागतात. रानडुकरं पीक उद्ध्वस्त करतात, म्हणून शेतकरी झटका मशीनच्या तारा ओढतात. कुठं कुठं तर थेट वीज सोडलेली असते. ओळखीची नसलेली तार ओलांडायची नाही, काठीनंसुद्धा शिवायचं नाही. तसंच कठडा नसलेल्या जुन्या विहिरी. गवत वाढलं की त्यांचं तोंड दिसत नाही. बांधावरून चाला, मधून नको.

कड्याखाली, लेण्यांच्या किंवा तटाच्या कपारीत काळे पोळे लोंबताना दिसले तर ते आग्या मोहोळ. त्या दिवशी अत्तर नको, धूर नको, मोठ्यानं हाक नको. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड दस्तीनं झाका आणि पळा, लांबवर पळा. पाण्यात उडी मारली तर त्या वर घोंघावत थांबतात.

मेघगर्जना ऐकू आली की उघडा माथा आणि एकटं झाड दोन्ही सोडायचं. जूनच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात मराठवाड्यात वीज फार माणसं नेते.

गावातल्या शेवटच्या घरापाशी गाडी लावा आणि तिथल्या बाईशी बोला.

“मावशी, वर जातेय. चारपर्यंत उतरते.”

“एकलीच? अन् संगं कोणी नाही का बाई?”

हा प्रश्न मला दरवेळी येतो. आधी राग यायचा, आता येत नाही. ती बाई चार वाजल्यापासून वाटेकडं बघत बसते, हे मी अनुभवलंय. उतरताना तिच्या दारात दोन मिनिटं टेकायचं, आणलेला गूळ तिच्या नातवाच्या हातावर ठेवायचा.

डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, दरीत उजेड त्याआधीच जातो. म्हणून परतायची वेळ दुपारी दोनची, कुठंही पोचलेल्या असा. गजर लावा, कारण एकटं असलं की वेळ कळत नाही. त्या आधीचा एक तास मात्र कशालाही देऊ नका. अंजनाच्या किंवा सालईच्या बुंध्याला पाठ टेकून बसा, फोटो काढू नका. पहिली वीस मिनिटं रान गप्प असतं, तुमच्यामुळं. मग सातभाई ओरडायला लागतात, पाचोळ्यात सरडा सरकतो, लांबून मोराचा केकारव येतो. बिबट्या किंवा अस्वलाची चाहूल लागली तर पाठ न फिरवता सावकाश मागं सरका, पळू नका.

रेंज आली की पहिला फोन चिठ्ठी ज्याच्याकडं आहे त्याला, चहाच्याही आधी. घरी आल्यावर कपडे अंगणातच झटका, गुडघ्यामागं आणि काखेत गोचीड आहे का बघा. मोज्यातली कुसळं त्याच रात्री उपसा. धुतल्यावर ती आणखी आत जातात.