मीटरचा काटा हलेना

बाबांचा सत्तरच्या दशकातला जपानी एसएलआर फिल्म कॅमेरा. शटर खणखणीत, पण व्ह्यूफाइंडरमधला, उजेड मोजणाऱ्या मीटरचा काटा ढिम्म. नवा सेल टाकला तरी तेच. सेलच्या खाचेत टॉर्च मारून पाहिलं, तर सेलला टेकणाऱ्या पत्रीवर हिरवट थर साचलेला. इअरबडला किंचित व्हिनेगर लावून तो काढला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. (बड आधी पिळून घ्या, ओघळ आत गेला की नसती पीडा.) तरीही काटा गप्पच. तळाची प्लेट उघडली. पत्रीची वायर पार कुजली होती, हात लावताच तुटली. नवी डागली आणि काटा उठला.

पण काटा हलतो म्हणजे खरं बोलतो असं नाही. रणरणत्या उन्हात आयएसओ (फिल्मची संवेदनशीलता) 100 आणि शटर 1/125 सेकंदाला ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, साधारण एफ/16 यायला हवं. हा पठ्ठ्या एफ/22 च्या पुढे, म्हणजे आणखी लहान छिद्र सांगत होता. मीटर बनलाय 1.35 व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी आणि आत होता 1.5 व्होल्टचा अल्कलाइन, म्हणून उजेड आहे त्याहून जास्त दाखवत होता. पाऱ्याचे सेल आता बाजारात नाहीत. उपाय मिळाला श्रवणयंत्राच्या दुकानात: 675 नंबरचा झिंक-एअर सेल, सुमारे 1.4 व्होल्टचा. व्यासाने लहान, म्हणून भोवती रबरी ओ-रिंग बसवली. स्टिकर काढून मिनिटभर हवा लागू द्यायची, मगच आत टाकायचा. वापरा वा नका वापरू, दोनेक महिन्यांत तो संपतोच. पण स्वस्त आहे, आणि रीडिंग आता बरोबर येतंय.